‘बीपी लो झाला’ हे मरणाचं कारण नव्हे

बाळंतपणात बाई गेली की गावात एक वाक्य फिरतं : ‘बीपी लो झाला आणि गेली.’ दवाखान्याच्या कागदावर त्यालाच ‘शॉक’ म्हणतात. सासरचे ते ऐकतात, माहेरचे ऐकतात, सरपंच ऐकतो, आणि पुढे कोणी काही विचारत नाही. बीपी काय कोणाच्या हातात असतो? पाऊस पडत नाही, तसा बीपी राहिला नाही. तिचं नशीब. दहाव्याला कावळा शिवला की विषय संपतो आणि तिच्या धाकट्या बहिणीचं स्थळ म्हणून नाव निघायला लागतं.

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी आपण थांबायला हवं. ‘बीपी लो झाला’ ही मरणाची शेवटची पायरी आहे, मरणाचं कारण नव्हे. विहिरीत ढकललेल्या बाईच्या कागदावर ‘श्वास कोंडून मृत्यू’ असं लिहिलं तर ते खोटं नसतं. पण ढकललं कोणी, हे त्यात येत नाही. आपल्या चळवळीने ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द वर्षानुवर्षं पंचनाम्यांत वाचले आणि त्यांच्या मागे काय दडलंय ते विचारायला आपण शिकलो. ‘बीपी लो’ या शब्दांनाही तोच प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

मात्र प्रश्न विचारायचा तर शरीरात काय घडतं ते आपल्याला ठाऊक हवं. ते ज्ञान डॉक्टरांच्या मालकीचं नाही.

दाब टिकतो कसा

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, त्यामुळे ठिबक अनेकींनी जवळून पाहिलेलं आहे. शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचायचं तर तीन गोष्टी लागतात. विहिरीत पाणी हवं, मोटार नीट चालायला हवी आणि नळ्या घट्ट हव्यात. यातलं एक जरी बिघडलं तरी दाब पडतो आणि टोकाची झाडं वाळायला लागतात. शरीराचंही तसंच आहे. रक्त म्हणजे विहिरीतलं पाणी, हृदय म्हणजे मोटार, रक्तवाहिन्या म्हणजे नळ्या. रक्त कमी झालं, हृदय थकलं, किंवा जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडल्या, की दाब घसरतो. तो इतका घसरला की मेंदू, मूत्रपिंड, खुद्द हृदय यांनाच प्राणवायू पुरेनासा होतो, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘शॉक’ म्हणतात. मनाला बसलेल्या धक्क्याशी किंवा विजेच्या झटक्याशी त्याचा संबंध नाही.

शरीर हा दाब सहजासहजी पडू देत नाही. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. दाब जरासा उतरला की ती मेंदूला खबर देतात. मेंदू हृदयाला वेगाने चालायला लावतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. मग शरीर तेच करतं जे पाणी कमी पडल्यावर शेतकरी करतो : काही ओळींचे कॉक बंद करून उरलेल्या ओळींना दाब देतो. कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात आणि रंग पांढरा होतो. आतड्यांचं रक्त तोडलं जातं. मूत्रपिंडांचं रक्त कमी होतं, लघवी थांबत येते. शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि तहान लावतं. हे सगळं कशासाठी, तर मेंदू आणि हृदय चालू राहावं म्हणून.

यातली एक गोष्ट प्रत्येक गटात सांगितली गेली पाहिजे. हे सगळं चालू असतं तेव्हा बीपीचं यंत्र ‘ठीक’ दाखवत असतं.

बीपी सगळ्यात शेवटी पडतो

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. निसर्गाने बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी केलेली ती तरतूद आहे. त्यामुळे धडधाकट बाईच्या अंगावरून जवळजवळ लिटरभर रक्त गेलं तरी तिचा बीपी जागचा हलत नाही. एकूण रक्तातला तिसरा हिस्सा जायला आला की मग तो कोसळतो, आणि एकदा कोसळायला लागला की फार वेळ देत नाही. म्हणजे ‘बीपी एकशे वीस-ऐंशी आहे, घाबरू नका’ हे वाक्य अंगावरून रक्त जात असलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत दिलासा ठरत नाही. तिचं शरीर स्वतःचे हातपाय, आतडी, मूत्रपिंडं उपाशी ठेवून तो आकडा सावरून धरत असतं.

मग आधी काय बोलतं? नाडी बोलते. ती शंभरच्या वर जाते आणि वरच राहते. बीपीचा वरचा आकडा आणि नाडीचा आकडा शेजारी ठेवून बघायचे. नाडी कमी असेल तर ठीक. ती बीपीच्या आकड्याजवळ सरकायला लागली की धोका आणि ओलांडून गेली की मोठा धोका. नाडी मोजायला यंत्र नको, पदवी नको. सेकंदकाट्याचं घड्याळ आणि तीन बोटं पुरतात.

आणि नाडीबरोबर बाई स्वतः बोलते. ‘घसा कोरडा पडलाय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘मला धरा’. ही तिची तक्रार म्हणजे शरीराने दिलेली पहिली खबर असते. तिला उत्तर काय मिळतं, ते आपण सगळ्या जाणतो. ‘पहिलटकरीण आहे, घाबरते.’ ‘आम्ही नाही का बाळंत झालो?’ ‘बाहेरचं काही झालंय, उतारा टाका.’ शिकलेल्या माणसांकडून येतं ते : ‘बाई, नाटक करू नको.’ बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. घरात तिची किंमत तिला मार खाऊन मोजावी लागते. बाळंतिणीच्या खाटेवर ती जिवानिशी मोजावी लागते.

अंगात रक्त होतंच किती?

वर ‘धडधाकट बाई’ असं म्हटलं. पण ती आहे कुठे? २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तपांढरी होती. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे मधल्या वर्षांत राज्य श्रीमंत झालं आणि बायका आणखी पांढऱ्या पडल्या.

हिमोग्लोबिन बाराऐवजी सहा असेल तर तेवढ्याच रक्तात निम्माच प्राणवायू मावतो. दुसरीला सोसेल असा अर्धा लिटरचा रक्तस्राव अशा बाईला शॉकच्या तोंडाशी नेतो. पाठ्यपुस्तकातले आकडे पुरेसं जेवलेल्या बाईवर बेतलेले आहेत. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाचं खाणाऱ्या बाईसाठी ते नाहीत.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या अर्ध्या कोयत्याला दिवस गेले असले तरी मोळ्या उचलाव्या लागतात, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. गावातल्या अंगणवाडीत, उपकेंद्रात तिचं नाव असतं, पण ती स्वतः दोनशे किलोमीटरवर फडात असते. तिचं रक्त तपासणार कोण आणि लोहाच्या गोळ्या देणार कोण? म्हणून म्हणायचं, तिचा बीपी बाळंतपणाच्या रात्री कोसळलेला दिसतो, पण त्याची तयारी तिच्या लहानपणापासून चाललेली असते. त्या तयारीला हात लावणारे पुष्कळ आहेत आणि मृत्यूच्या दाखल्यावर त्यांतल्या एकाचंही नाव नसतं.

दोन तास

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या उघड्या रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळून त्यांना बांधतात, जणू आतून गाठी मारतात. पिशवी आवळली नाही, वारेचा तुकडा आत राहिला, किंवा अंग फाटलं, की रक्त थांबत नाही. जोराचा रक्तस्राव असेल आणि उपचार मिळाला नाही तर साधारणपणे दोन तासांत बाई दगावते. सलाइनने नळ्या भरतात, दाब थोडा सावरतो, वेळ मिळतो. पण सलाइन प्राणवायू वाहत नाही. अशा बाईला शेवटी रक्तच लागतं.

आता हे दोन तास जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघा. मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. जालन्याला जमलं नाही तर औरंगाबादची, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, घाटी आणखी साठेक किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग जालन्यावरून सुरू झाला, त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पण वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंतचा चिखल तुडवण्यातच बाळंतिणीचा पहिला तास जातो. ‘जालना, सोने का पालना’ अशी या शहराची जुनी ख्याती. आज पोलाद आहे, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. पाळणा सोन्याचा खरा, पण तो हलवणारीसाठी दोन बाटल्या रक्त तालुक्याच्या गावी असतं का, हे कोणी विचारायचं?

रक्त का नसतं, याला इतिहास आहे. एके काळी खेड्यातला डॉक्टर नातेवाइकाचं रक्त काढून, गट जुळवून तिथल्या तिथे देत असे. शहरांत पैशासाठी रक्त विकणारे होते, तपासण्या धड होत नव्हत्या, एचआयव्हीचं संकट उभं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या निकालात रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा केला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झालं. निकालाचा हेतू योग्यच होता. दूषित रक्ताने मेलेल्यांत बायकाही होत्या. पण परवान्याच्या अटी शहरातल्या मोठ्या पेढीच्या मापाने बेतल्या गेल्या, आणि खेड्यातली जुनी वाट बंद होताना नवी वाट कोणी बांधली नाही. त्याच औषध नियमांत सैन्यदलाच्या सीमेवरच्या आणि छोट्या दवाखान्यांना सूट आहे. जखमी जवानाला रक्त लगेच हवं, हे सरकारला समजतं, आणि ते बरोबरच आहे. पण बाळंतिणीचं रक्त काय सावकाश वाहतं?

२००१ साली ग्रामीण रुग्णालयांना पूर्ण पेढीच्या परवान्याशिवाय रक्त साठवण्याची परवानगी मिळाली. ७ जानेवारी २०१४ रोजी राज्य सरकारने ‘जीवन अमृत’ योजना सुरू केली : १०४ वर फोन करा, चाळीस किलोमीटरच्या आत मोटारसायकलवरून रक्त पोचेल. योजना २०२२ मध्ये गुंडाळली. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला रक्त, औषधं, ने-आण सगळं मोफत आहे. कागद भरपूर आहेत. आपला प्रश्न साधा आहे. अमुक तारखेला, रात्री दोन वाजता, मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयातल्या फ्रिजमध्ये ‘ओ’ गटाच्या किती बाटल्या होत्या?

मोजलं तर वाचवता येतं

कोणी म्हणेल, गरीब देशात यापेक्षा जास्त काय होणार? तर आपल्या सीमेपलीकडच्याच बेळगाव जिल्ह्यात काय झालं ते बघा. २००२ ते २००५ या काळात तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात १६२० बायकांची बाळंतपणं नर्सबाईंनी केली. घरी किंवा उपकेंद्रात, डॉक्टर नाही. निम्म्या बायकांना बाळ बाहेर आल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना औषध नसलेल्या. (निम्म्यांना अशा गोळ्या देणं योग्य होतं का, हा वाद आपण जरूर घालू.) खाली माप असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. अर्ध्या लिटरहून जास्त रक्तस्राव औषधाविना शंभरात बारा जणींना झाला, औषधाने सहा-सात जणींना. लिटरभराहून जास्त रक्तस्राव हजारात बारावरून दोनवर आला. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले.

त्यानंतर २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ई-मोटिव्ह अभ्यासाने तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवली. नजरेने अंदाज केला तिथे रक्तस्राव झालेल्या शंभरपैकी ५१ जणींचाच लक्षात आला, पिशवीने मोजलं तिथे ९३ जणींचा. मोजून लगेच पोट चोळणं, पिशवी आवळणारी औषधं, ट्रानेक्सामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदम केलं तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन आणि त्यापायी होणारे मृत्यू मिळून साठ टक्क्यांनी घटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की अर्धा लिटर जाण्याची वाट बघू नका. ३०० मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलेला दिसला की उपचार सुरू करा.

यात महागडं काय आहे? प्लास्टिकची पिशवी. गोळ्या. पिशवी आवळायचं ऑक्सिटोसिन, जे दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात वीज गेली आणि फ्रिज बंद राहिला तर त्याचा गुण कमी होतो. मिसोप्रोस्टॉलला फ्रिज लागत नाही. पण ते गर्भपातासाठीही वापरतात, आणि २०१२ च्या सुमाराला मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांवर धाडी सुरू झाल्यावर राज्यात दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्याच ठेवणं सोडलं. मुलगा-मुलगी सांगतं ते सोनोग्राफीचं यंत्र, आणि शिक्षा झाली गोळीला. लिंगनिदानाविरुद्ध आपणच लढलो. पण त्या लढ्याच्या नावाखाली बायकांच्या हातून औषध काढून घ्यायला आपण कधी संमती दिली नव्हती.

‘आकडे तर सुधारलेत’

अधिकारी सांगतील की मातामृत्यू घटले. खरं आहे. २००४ ते ०६ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८ ते २० मध्ये ३३. हा बदल आशा, अंगणवाडीताई, नर्सबाई यांच्या पायपिटीचा आहे, आणि त्यांच्या मानधनासाठी याच राज्यात त्यांना वारंवार रस्त्यावर बसावं लागलं आहे. पण हा आकडा राज्याचा आहे. त्या नमुना पाहणीतून तो जिल्ह्यानुसार मिळत नाही, तालुक्यानुसार तर नाहीच. मुंबईची बाई आणि मंठ्याच्या वस्तीवरची बाई एकाच सरासरीत घातली की वस्तीवरची दिसेनाशी होते. शिवाय प्रश्न एवढाच नाही की किती गेल्या. ज्या गेल्या त्यांतल्या किती वाचण्याजोग्या होत्या, हा खरा प्रश्न आहे.

आपण काय करायचं

बाळंतपणातल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी करणं जिल्ह्याच्या यंत्रणेवर बंधनकारक आहे. २०१० पासून तशा मार्गदर्शक सूचना आहेत, २०१७ मध्ये त्या नव्याने निघाल्या. घरी जाऊन नातेवाइकांकडून माहिती घ्यायची, जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या बैठकीला त्यांना बोलवायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. ती चौकशी कोणा एका नर्सबाईला फासावर चढवायला नसून व्यवस्थेतली खोट शोधायला आहे. रात्रपाळीला एकटी असणारी, फ्रिज बंद आणि गाडी नादुरुस्त असताना बाळंतपण करणारी नर्सबाई आपली वैरीण नाही. तिला पुढे करून वरचे सुटतात, हे आपण होऊ द्यायचं नाही.

म्हणून माहेरच्या माणसांबरोबर आपली एक कार्यकर्ती जायला हवी. तिने विचारायचं : अंगावरून जास्त जातंय हे पहिल्यांदा कोणी आणि किती वाजता सांगितलं? रक्त मोजलं की अंदाज केला? नाडी किती वेळा लिहिली आहे? ऑक्सिटोसिन कुठे ठेवलं होतं? गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली? रक्त केव्हा मागितलं आणि केव्हा मिळालं? सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन किती होतं आणि त्यावर काय केलं? या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. ‘बीपी लो झाला’ हे उत्तर घेऊ नका.

आणि चौकशीची वेळ येण्याआधी, पुढच्या बैठकीत घड्याळ घेऊन बसा. एकमेकींची नाडी मोजा. सासवांना, सुनांना, जावांना शिकवा. सातव्या महिन्यात बाईचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन घरातल्या चार जणांना पाठ हवं, गाडीचा नंबर भिंतीवर हवा. तालुक्याच्या रुग्णालयात रक्तसाठवण केंद्र चालू आहे की नुसती पाटी आहे, हे महिन्यातून एकदा जाऊन बघा आणि लेखी विचारा. बंद असेल तर मोर्चा न्या. तो न्यायचा कसा ते आपल्याला माहीत आहे. आणि बाळंतीण ‘मला कसंतरी होतंय’ म्हणाली की तिच्यावर विश्वास ठेवा, तिचा हात हातात घ्या आणि नाडी मोजायला लागा.